समुद्रावरच्या घरातला खटका

पॉइंट टर्टन,
२७ मार्च, सकाळ

माझ्या सोन्या मिकेस,

मेरीमाता तुला, अँजेलाला आणि माझ्या चिमुकलीला सुखात ठेवो. मी बरी आहे. गुडघा नेहमीसारखा दुखतो, पण त्याचं काय, तो माझ्याआधी जायचा नाही. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला की तू म्हणतोस, "आई, पटकन बोल, मीटिंग आहे," आणि हे पटकन बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. अक्षर कोंबडीचं आहे, मला माहीत आहे. तिकडे कालिम्नोस बेटावरच्या शाळेत मी दोन वर्षं गेले आणि त्यातलं एक आमच्या शेळ्यांनी खाल्लं. नुसत्या नजरेने अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच. मी लिहिते तशीच बोलते.

वर गावाचं नाव वाचलंस ना? हो, मी आपल्या समुद्रावरच्या घरी आलेय. बसने वॉरूकापर्यंत, तिथून मर्लच्या गाडीतून. चिडू नकोस. तुला आधी सांगितलं असतं तर तू मेलबर्नहून फोनवर फोन केले असतेस आणि मी अजून माझ्या ॲडलेडच्या स्वयंपाकघरातच बसलेली असते.

आधी चांगली बातमी ऐक. लाईट आता जाणार नाही. तो मेला मीटरच्या पेटीतला खटका पडायचा बंद झाला, कायमचा.

झालं असं. शेजारची मर्ल तिच्या मुलीकडे गेली होती. परत येऊन बघते तर आपल्या पडवीतला दिवा बंद. तिला काय, सवयच झालीय. किल्ली घेतली, आत गेली, खटका वर केला. ठक! खाली. पुन्हा वर केला. ठक! एरवी निदान दोन-तीन आठवडे तरी टिकायचा, या वेळी श्वास घ्यायलाही थांबेना. मग तिने मला फोन केला. बिचारी रडकुंडीला आली होती. "सेवस्ती, मी घरी नव्हते गं, कधी गेली लाईट तेच कळलं नाही. मिकेसने मला बजावलं होतं, काही झालं तरी फ्रीझर बंद पडता कामा नये."

मी म्हटलं, "तू रडू नकोस. तो तुला चावणार नाही. चावलाच तर मला चावेल."

आले ती थेट खिडक्या उघडत सुटले. काचांवर मिठाचा थर बसलेला, बोटाने नाव लिहिता येईल एवढा. आणि कोळी! एकेक असा की त्याच्याकडून घरभाडं घ्यावं. तुझ्या बाबांनंतर त्या घरात माणसाने नीट पाऊल टाकलं नव्हतं रे. मर्ल येणार, खटका वर करणार, जाणार. तू पैसे भरणार, माणसं पाठवणार, पण स्वतः उंबरा चढणार नाहीस. एका फ्रीझरसाठी अख्ख्या घरात वीज चालू, आणि माणूस एकही नाही.

मग केल्विन आला, तुझा इलेक्ट्रिशियन. माणूस चांगला आहे, पण त्याची पँट कमरेवर राहत नाही. वाकला की मर्ल आणि मी छताकडे बघायचो.

"मिसेस," तो म्हणाला, "मी तीनदा येऊन गेलोय. गिझर तपासला. बाहेरच्या प्लगमधून मुंग्यांचं अख्खं गाव उठवलं. एकेक प्लग काढून पाहिला. आता पाद्रीबुवांनाच बोलवा."

मर्ल धुण्याच्या खोलीतल्या फ्रीझरकडे बोट करून म्हणाली, "सगळे प्लग काढलेस? त्याचा पण?"

"त्याचा नाही. त्याला हात लावायचा नाही, साहेबांनी सांगितलंय."

"कोण साहेब?" मी म्हटलं. "त्या साहेबाचं ढुंगण मी धुतलंय. काढ तो प्लग."

त्याने काढला. खटका वर केला. राहिला! आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे, जणू काही बाळ पहिल्यांदा उभं राहिलंय. मग केल्विनने फ्रीझरचा प्लग पुन्हा लावला. ठक! त्याने कपाळावर हात मारला. मर्लला असं हसू फुटलं की तिला स्टुलावर बसावं लागलं. केल्विन म्हणतो, फ्रीझर जुना झालाय, समुद्राची ओल आत शिरलीय, त्यातून वीज बाहेर गळते, आणि कोणाला झटका बसू नये म्हणून खटका पडतो. तो आपलं काम इमानाने करत होता. फ्रीझर चालू राहावा म्हणून आपण इतके दिवस खटका वर करत होतो, आणि फ्रीझरच तो पाडत होता.

मर्लने खजुराचा केक आणला होता. फार गोड करते ती. मी तिला म्हटलं, साखर कमी घाल, तर म्हणते

दुपार

मर्ल आली म्हणून मध्येच थांबले होते. नाही, खोटं कशाला लिहू. कोणी आलं नव्हतं. पुढचं लिहायचा धीर होत नव्हता. बाहेर जाऊन दोरीवर एकच टॉवेल तीनदा वाळत घातला.

बर्फ वितळला होता, मिकेस. जवळजवळ सगळा. लादीवर पाणी आलं होतं.

पिशव्या मऊ पडल्या होत्या. आत हात घातला तर मासे अजून गार होते, मधल्या पिशव्यांत बर्फाचे खडे होते, वासही वाईट नव्हता. मर्ल म्हणाली, माझ्या फ्रीझरमध्ये ठेवू. पण एकदा सुटलेला मासा पुन्हा गोठवायचा नसतो, हे मच्छीमाराच्या बायकोला कोणी सांगावं? केल्विन म्हणाला, धक्क्यावर नेऊन पेलिकनना टाका. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पँट वर ओढली.

तुझ्या बाबांनी धरलेले शेवटचे मुडदुशे ते. पेलिकनना?

आणि दुसऱ्या दिवशी सण होता. देवदूताने मेरीमातेला बातमी दिली तो दिवस. ईस्टरआधीच्या एवढ्या लांब उपासात मासा चालतो असे दिवस किती, आणि लाईट नेमकी त्याच्या तोंडावर गेली. मी कोण रे नाही म्हणणारी?

पिशव्यांना तुझ्या बाबांच्या गाठी होत्या, त्यांच्या होडीवरच्या, ओढाव्यात तशा घट्ट होणाऱ्या. मी नखांनी प्रयत्न केला, काट्याने केला. सुटेनात. शेवटी कात्रीने कापल्या. तेवढ्याच वेळी रडले, मग नाही.

पिठात घोळवून तळले. लसूण-बटाट्याची चटणी वाटली. पडवीत टेबल ओढलं. मर्ल होती, केल्विन होता, त्याने बायकोलाही बोलावलं. खरं सांगू? चव नव्हती. एवढे महिने गोठलेला मासा, कडेने सुकून कापूस झालेला. लिंबू नसतं तर घशाखाली उतरला नसता. केल्विन म्हणाला, "छान झालेत, मिसेस." मी म्हटलं, "खोटारड्या, घे अजून." आणि आम्ही सगळे संपवले. काटे मर्लच्या मांजराने संपवले.

तू हे वाचताना तोंड फिरवलं असशील. मला तुझं तोंड फिरवणं माहीत आहे. बाबांना मातीत ठेवून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये सगळे मासे खायला बसले, गेलेल्याला देव क्षमा करो म्हणून. तू बसला नाहीस. गाडीत जाऊन बसलास, काच वर करून. मला तेव्हाच कळलं होतं. त्या शनिवारी तू बाबांबरोबर मासे धरायला येतो म्हणाला होतास आणि कामामुळे आला नाहीस, आणि पुढच्या आठवड्यात ते गेले. तेव्हापासून तू त्या पिशव्या सांभाळतोयस, आणि त्यांच्याबद्दल बोलायला गेलं की फोन ठेवतोस.

मग आज ऐक, कागद तुला फोनसारखा ठेवता येणार नाही. त्या शनिवारी मी धक्क्यावर होते. तुझे बाबा होडीतून आले तेव्हा बादली ह्याच मुडदुशांनी भरलेली होती आणि ते नाकातून गाणं गुणगुणत होते. मी म्हटलं, पोरगं आलं नाही, वाईट वाटलं का? ते म्हणाले, "बरं झालं नाही आला. तो बडबड करतो, एक मासा लागू देत नाही." आणि हसले. मग साफ करता करता म्हणाले, "पुढच्या खेपेला आणू त्याला." एवढंच. राग नव्हता त्यात, ना जाताना, ना आधी. पोट भरलेल्या माणसासारखे हसत होते.

सणाच्या दिवशी जेवताना मी ही गोष्ट मर्लला सांगितली. बाबांची नक्कल करून सांगितली, नाक फुगवून. एवढी हसले की माझी कवळी सैल झाली. त्यांच्या घरात बसून त्यांच्यावर हसले, मिकेस, आणि मला इतकं बरं वाटलं की मी परतीची बस सोडली. अजून इथेच आहे. पलंग उन्हात तापवलाय. सकाळी पाण्यात पाय बुडवून येते.

फ्रीझर केल्विन टेम्पोत घालून घेऊन गेला. त्या जागी भिंतीवर एक पांढरा चौकोन उरलाय, तिथे काय ठेवायचं ते चिमुकलीला विचार. तिला पोहायला कोणी शिकवलं नाही अजून, हे मला आवडलेलं नाही.

तुझ्यासाठी वाटा काढून ठेवला होता. मग वाटलं, पुन्हा सांभाळत बसशील. केल्विनच्या बायकोला दिला. तुझा वाटा आता पाण्यात आहे, येऊन धर.

रागावायचं असेल तर फोनवर नको. इथे ये, पडवीत बस आणि मग रागाव. मी ऐकेन, मध्ये बोलणार नाही.

पोटभर जेवलेली,
तुझी आई,
सेवस्ती