दादा, तुला रक्तसाक्षी कोण करून राहिलं?

प्रिय दाविददादा,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण काल चर्चमध्ये मंडळीच्या सभेत जे झालं, ते तुला नाही तर कोणाला सांगू? आईला सांगायला गेलं की ती नुसती रडते.

पाळकसाहेबांनी चर्चच्या भिंतीत तुझ्या नावाची पाटी बसवायचं ठरवलं होतं. भेडाघाटचा पांढरा दगड, आणि नावाआधी एक शब्द: रक्तसाक्षी. स्तेफनासारखा, प्रभूसाठी जीव दिलेला! तुला हसू आलं असतं ना रे? रविवारी तू फॅक्टरीत ओव्हरटाइमला जायचास अन् हेच पाळकसाहेब आईजवळ तुझी तक्रार करायचे.

मला आधी संशय आला तो त्या दगडाचा. तो तिवारीजींनी पाठवला होता. तुझ्या पक्षाचे तिवारीजी, ज्यांनी तुला नगरपालिकेचं तिकीट दिलं. जो माणूस कधी चर्चची पायरी चढला नाही, त्याला ख्रिस्ती रक्तसाक्षीचं एवढं प्रेम काहून?

त्यांचा चेहरा मी विसरले नाही, दादा. फॅक्टरीत ठेक्यावरचा एक मजूर फौजेच्या मालाच्या पेट्यांखाली चिरडून मेला, अन् ठेकेदार म्हणाला, हा आमचा माणूसच नव्हता. ठेकेदार तिवारीजींचा सख्खा मेहुणा. तू युनियनच्या वतीनं फॅक्टरीच्या गेटवर सभा ठरवलीस. तेव्हा आपल्या ओट्यावर बसून ते किती गोड बोलले होते!

"दाविद भैया, लड़ाई चल रही है. इस वक़्त फैक्टरी के खिलाफ़ बोलना, मतलब दुश्मन की मदद करना."

तू म्हणालास, "फैक्टरी के नहीं, आपके साले के खिलाफ़ बोलूँगा."

त्यांनी चहा न पिताच कप खाली ठेवला. मी दारात उभी होते, मी पाहिलं. तू का नाही पाहिलंस?

गेटवरच्या त्या सभेच्या आदल्या दिवशी, सांजेला, तू अन् रूथवहिनी मदन महालकडून प्रार्थना आटोपून सायकलनं परत येत होते. लढाईमुळे ब्लॅकआउट होता, रस्त्यावर एक दिवा नाही. दोघांनी सायकल अडवली. वहिनीला ढकलून दिलं अन् तुला... ते मी लिहीत नाही. वहिनीनं पोलिसांना एवढंच सांगितलं, "अंधार होता. मी कोणाला पाहिलं नाही, काही ऐकलं नाही."

दोन-तीन दिवसांत आपल्या चेरीताल मोहल्लाभर झालं, 'ईसाई था, इसलिए मारा.' ही गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली, मी किती विचारलं! प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगे. अन् पोलिसांनी बद्रीप्रसादला उचललं. आखाड्यातला आपला बद्री! तुम्ही दोघं धर्मावरून असे भांडायचे की गल्ली गोळा व्हायची, अन् मग त्याच्याच घरची जिलेबी खात बसायचे. "तेरे ईसा को मैं नहीं मानता," असं तो चारचौघांत म्हणाला होता, तेवढं पुरलं. त्याची बायको माझ्याकडे येऊन म्हणाली, "दीदी, आप तो सब जानती हो." मी काय जाणत होते? नुसता संशय!

काल मंडळीच्या सभेत सायमनकाका उठले. तुला माहीत आहे, मंडळीत सगळ्यात जुने तेच. म्हणाले, "रक्तसाक्षीला आधी विचारतात, ख्रिस्ताला नाकार, तुला सोडतो. आपल्या दाविदला असं कोणी विचारलं काय?"

पाळकसाहेब म्हणाले, "त्या गरीब मजुरासाठी दाविद उभा राहिला तो ख्रिस्तामुळेच. ही साक्ष नव्हे?"

बोलणं सुंदर होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. अर्धे लोक डोळे पुसत होते. या एका शब्दानं तिवारी सुटत होता, बद्री अडकत होता, अन् आम्ही वरून 'आमेन' म्हणणार होतो!

मी उभी राहिले अन् सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, मारणारे काय बोलले?"

पाळकसाहेब मला म्हणाले, "मालू, तिला त्रास देऊ नकोस." मी पुन्हा विचारलं. मग वहिनी उठली.

"म्हणाले, 'कल गेट पर बोलेगा?' बस, एवढंच. धर्माचं कोणी काही बोललं नाही."

मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तिवारीजी म्हणाले, गेटचं नाव काढशील तर दाविदला देशाचा दुश्मन म्हणतील. लढाईचे दिवस आहेत. माझ्या लेकरांना गद्दाराची लेकरं म्हणवून घेऊ का मी? रक्तसाक्षीची तरी म्हणतील!"

दादा, तिच्यावर राग कसा करू? मी जाऊन तिला धरलं. तिनं मला झिडकारलं, अन् मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "तिवारीजींनी मला जे सांगितलं ते मी खरं मानलं. आपल्या मंडळीला असा एक माणूस हवा होता." आज सकाळी ते स्वतः वहिनीला घेऊन कोतवालीत गेले, मी सोबत होते. पोलिसांनी तिचं बयान लिहून घेतलं. बद्री अजून आतच आहे. ठाणेदार म्हणतात, त्याला सोडवायला वहिनीला अन् मला कोर्टात बोलावं लागेल. पाळकसाहेब वाटेत तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते, अन् मी विचार करत होते, हे खरंच बदलले की घाबरले? माझा स्वभावच असा झाला आहे रे, कोणाचं चांगलं बोलणं आता पचत नाही.

अन् तुझ्यावरही रुसले आहे मी. कोणाला सोबत न घेता त्या अंधाऱ्या रस्त्यानं वहिनीला काहून घेऊन आलास? एवढा कसा रे तुझा माणसांवर भरवसा?

सायमनकाका अन् पाळकसाहेब त्या शब्दावरून अजून वाद घालून राहिले. घालू देत. मी तुला वचन देते: कोर्टात वहिनी बोलताना मी तिच्या बाजूला उभी राहीन. मग माझा नंबर आला की तिवारीजींच्या डोळ्यांत पाहून, आपल्या ओट्यावर ते काय बोलले ते शब्द न् शब्द सांगीन. अन् बद्रीला घेऊनच घरी येईन.

तुझी,
मालू