मामंजींचं खाकरणं

शनिवार, संध्याकाळ. उस्मानपुरा.

लई दमलो. स्पर्धेतला प्रयोग बघून आईला आत्ताच घरी आणलं. नाटक माझ्या आजोबांवर. अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत त्यांनी शेजारची मुसलमान कुटुंबं देवगावच्या घरात दडवली, त्यावर. आजोबांचं काम करणारा पोरगा बँकेतला, तोही बुटका. आजोबा तर ताडमाड! याला कसं जमणार? आजोबा कसे चालायचे, कसे बोलायचे, विचारून विचारून दिवाळीपासून आईचं डोकं मात्र खात होता.

आज आत येण्याआधी तो विंगेत खाकरला. सुनांनी पदर सावरावा म्हणून आजोबा उंबऱ्याबाहेर खाकरायचे, हुबेहूब तसं. मला त्यांची उंची आठवत होती. ते खाकरणं मी साफ विसरलो होतो.

आई खुर्चीतून ताडकन उठली, डोक्यावर पदर घेतला आणि उभीच राहिली. मागचे ओरडले, "मावशी, खाली बसा!" मी हात ओढला. बसली नाही. मला लाज वाटली. कशाची?

रिक्षात चिडूनच म्हणालो, "आई, नट होता गं तो."

"म्हाईत हाय की. पण मामंजी खाकरल्यावर बसून कसं ऱ्हायचं?"