भाव उतरेपर्यंत

अप्पा, तुमची शिकवण धाब्यावर बसवून आज मी चढ्या भावात खरेदी केली, आणि ते तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तमिळांचा आडी महिना लागला की इथली दुकानं सेलच्या पाट्या लावतात. तुम्ही त्याच्या महिनाभर आधी मला नुंगंबाक्कमच्या दुकानांत घेऊन जायचात, नुसते भाव विचारायला. मिक्सर, पंखा, साडी, काहीही. ‘सार, रोज विचारता, घेत काहीच नाही!’ दुकानदार तमिळमध्ये करवादायचा. तुम्ही ढिम्म. मला मेली लाज वाटायची. मग आडीत त्याच दुकानाची पाटी वाचून तुम्ही हसायचात, म्हणायचात, ‘बघ, आधी चढवला, आता उतरवला. आपल्याला खुळे समजतात.’

आता हे काम माझा मोबाइल करतो. वस्तू कधी कितीला होती त्याचा आलेख दाखवतो, भाव उतरला की कळवतो. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात जेवताना मी तेच बघत असते. अप्पा, आई पडून आहे. पक्षाघातानंतर उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, पाठीला जखमा व्हायच्या आत हवेची गादी आणा. आलेख बघितला तर पुढच्या सेलमध्ये भाव उतरण्यासारखा होता. मी थांबले. आज सकाळी तिला कुशीवर वळवलं, तर कंबरेखालची कातडी लालभडक. चुलीत गेला तो आलेख! भाव सगळ्यात चढा असताना गादी मागवली. संध्याकाळी आली.

आईला गादीवर निजवलं, तर अडखळत पहिला प्रश्न, ‘कितीला?’

‘अर्ध्या भावात, आई. सेल होता.’

ती वाकड्या झालेल्या तोंडानं हसली. एकेक शब्द जुळवत म्हणाली, ‘तुझे अप्पाही असेच. तुझ्या वेळी... मला साडी आणली. आडीतली म्हणाले. आडी... केव्हाच संपली होती.’

म्हणजे तुम्हीसुद्धा, अप्पा? आणि ही बाई इतकी वर्षं जाणून गप्प! मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. तुमची इतकी आठवण तुम्ही गेलात तेव्हाही आली नव्हती.

हे पत्र कुठे पाठवणार? घरातच ठेवीन, तिला वाचून दाखवणार नाही. एवढं मात्र कबूल करते, उद्या तिनं औषधांचा भाव विचारला तर मी पुन्हा अर्धाच सांगणार आहे. ती ओळखेल. तरी सांगणार.