आपोआप उघडणारा फोन

१४ सप्टें., रविवार
लालबागला जाऊन आईच्या खोलीत ते यंत्र लावून आले. पाटीएवढा स्क्रीन, बटण एकही नाही. दोनच फोटो, दादाचा नि माझा. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागतो. आई बघूनच भडकली. "पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू आणतंस? डोक्या ठिकाणार आसा मा गो तुझा?" वापरलेलं आहे म्हणून थाप मारली, तेव्हा कुठे भिंतीला टेकवू दिलं.

खरी गोम वेगळीच. आईने फोन उचलला नाही तर थोड्या वेळाने ते स्वतःच उघडतं नि अख्खी खोली दिसते. दादाने दुकानातून मुद्दाम तसं करून घेतलंय. "आईला बोलू नकोस, काढून ठेवेल." उन्हाळ्यात आई चक्कर येऊन मोरीत पडली, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, तिला वाशीला त्याच्याकडे आणायची. आई म्हणते, मेल्यावर न्या. म्हणून हे यंत्र. चाललं तर आई लालबागला, नाही तर वाशीला बाविसाव्या मजल्यावर.

नाही सांगितलं आईला.

१७ सप्टें.
ऑफिसातून आईला बघितलं. झोपली होती. छाती वरखाली होतेय ना, ते पाहत बसले. डबा तसाच राहिला. याला काळजी म्हणायचं की चोरी, कोण जाणे.

२१ सप्टें., रविवार
सकाळी फोन लावला. उचलला नाही, मग उघडलं. पलंगावर स्टूल, स्टुलावर आई! उद्याच्या घटासाठी माळ्यावरचा कलश काढत होती. मी किंचाळले, "आई, उतर खाली!" ती दचकली. कलश सुटला. आईने माळ्याची कड धरली म्हणून वाचली.

हळूहळू उतरली. यंत्रासमोर आली, इतकी जवळ की नुसतं कपाळ दिसत होतं.

"मी उचलूक नाय. मगे तू कशी दिसतंस?"

मी फोन टेबलावर पालथा ठेवला, तरी आवाज आला.

"कधीपासून बघतंस गो माका?"

पडली असती तर माझ्या किंचाळण्यानेच पडली असती. दादाला सांगितलं तर उद्याच तिला वाशीला उचलून नेईल. आणि न सांगून परत काही झालं तर...

२२ सप्टें.
घट बसले. संध्याकाळी गेले होते. आईने प्रसाद हातावर ठेवला. निघताना दारात म्हणाली, "एकच खोली माझी. लुगडा पण थंयच नेसतंय. झिलान बघल्यान आसात तर?"

लाजेने मेले. घरी येऊन तिच्या झिलाला, दादाला, फोन करून विचारलं. तो म्हणाला, "अगं, तसं काही दिसलं की मी लगेच बंद करतो."

म्हणजे दिसलंय.

२ ऑक्टो., दसरा
दुपारी दादाचा फोन. "आईकडे नुसतं पिवळं दिसतंय. हाका मारतोय, ओ नाही. बघ जरा." मी लावून पाहिलं. पिवळं. शेजारच्या मंदाकाकू फोन उचलेनात. घरून, अँटॉप हिलहून टॅक्सी केली. चाळीचे जिने चढताना सगळे देव आठवले.

आई दारात बसून हार ओवत होती! आत पाटावर विळी, कातर आणि यंत्र. सगळ्यांना हळदकुंकू. यंत्राच्या कॅमेऱ्यावर झेंडूचं फूल, दोऱ्याने घट्ट बांधलेलं.

"ओ का नाही दिलीस?"

"आज हत्यारांका हात लावचो नसता. तुझो बापूस मिलीतल्या साच्याक दसऱ्याक हात लावी नसे."

मला रडू आलं नि रागही. म्हटलं, बाबांच्या मागातून कोणी हाका मारत नव्हतं गं. ती हसली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा.

३ ऑक्टो.
दसरा उलटला तरी फूल जागच्या जागी. दादा भडकला. रविवारी गाडी घेऊन येतोय, आईचं सामान बांधून ठेव म्हणाला. मला बांधायला सांगतो!

आईकडे जाऊन सांगितलं. ती उठून यंत्रापाशी गेली.

"काढतंय फूल. पण तुम्ही दोघांनी पण आपल्या घरात असाच लावा. आपसूक उघडणारा. मी पण बघीन, माझी पोरां धड जेवतत काय, भांडतत काय."

४ ऑक्टो., शनिवार
आईची अट दादाला कळवली. त्याने वाचलंय, उत्तर नाही. उद्या येणार की नाही, पत्ता नाही.

मी ठरवलं, आपण तरी लावू. सकाळपासून जागा शोधतेय. हॉलमध्ये लावलं तर यांची बाटली दिसेल. स्वयंपाकघरात लावलं तर मी दिसेन, ओट्याला टेकून रडताना. आतल्या खोलीत आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून झोपतो, ते तर नकोच. आईला सगळं छान म्हणून सांगितलंय, वर्षानुवर्षं.

तीन खोल्या आहेत आमच्या क्वार्टरमध्ये. आईला दाखवण्याजोगी भिंत अजून सापडलेली नाही.