बोलण्यातल्या फटी

२ मार्च
आजपासून हे घर माझं. चौथा मजला, मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. नवरा अखंड बोलत असतो. चहा गाळताना गाळणीलाही टोमणे मारतो. मी गप्प घरात वाढले, त्यामुळे हे आवडलं. सासूबाईंना दिसत नाही. त्यांनी माझा चेहरा बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, नाक बरंय, जीभ कशी आहे ते कळेलच.

५ मार्च
सासूबाई मालिका रेकॉर्ड करून ठेवतात आणि दुपारी ऐकतात. रेकॉर्डरवर दृश्यवर्णन चालू असतं, म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते एक बाई सांगत जाते. तो आवाज नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा. तिचं कामच ते होतं. गेल्या वर्षी खिडकी पुसताना पडून गेली. सासूबाईंनी मला त्या कामाची रीत समजावली. पात्रं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. बोलण्यात फट पडली की तेवढ्यात सांगायचं. दिसेल तेच सांगायचं, आपलं मत नाही. तुझ्या आधीची तोलूनमापून बोलायची, हेही ऐकवलं.

९ मार्च
वर्णन बंदच होत नाही. मेनूत ‘बंद’ दिसतं, आवाज चालू. मेकॅनिक म्हणाला, वहिनी, वर्णनासकट रेकॉर्ड झालं की संपलं, चहात विरघळलेली साखर काढता येते का? मी म्हटलं, या कालच्या बातम्या आहेत, आणि ती तर वर्षापूर्वी गेली. तो अर्धा चहा टाकून निघून गेला.

१२ मार्च
बातम्या सांगणारा श्वास घ्यायला थांबला. आवाज म्हणाला: नवी बायको सोफ्यावर बसली आहे. उशी मांडीवर घेते.
मी उशी मांडीवर घेतली होती.
नवरा मोठमोठ्याने काहीबाही बोलू लागला. तो बोलत होता तोवर आवाज थांबला.
म्हणजे तो इतका बोलतो ते —

१४ मार्च
त्याने प्लग उपटला. आवाज आहेच. त्याचा घसा बसलाय. मला म्हणतो, तू बोल, काहीही बोल, शेजारणीची निंदा कर. मी बोलत राहिले. ठसका लागला. तेवढ्या फटीत:
पहिली बायको खिडकीच्या कट्ट्यावर उभी आहे. काच पुसते आहे. तो तिचे पाय धरून आहे. तो हात सोडतो.
सासूबाईंनी विचारलं, खरं का रे? तो म्हणाला, यंत्र बिघडलंय, आई.

१५ मार्च
सकाळी नवरा माझ्या कानाशी कुजबुजला. उद्या खिडक्या पुसून घेऊ. मी धरतो तुला.

१६ मार्च
त्याचा घसा पुरता गेला. नुसते ओठ हलतात. मी बोलावं म्हणून हात जोडतो. मी नाही बोलणार. सासूबाई लेकासाठी बोलतील असं वाटलं होतं. त्या आवाजाला एवढंच म्हणाल्या, सांग बाई, ऐकतेय. मग त्याही गप्प —
आवाज सांगतो ते लिहिते आहे —
तो खिडकी उघडतो. कट्ट्यावर चढतो.
(त्याला चढायचं नाही. डोळे दिसतात मला.)
म्हातारी जागची हलत नाही.
तो मागे वळून पाहतो.
मी अजून लिहितेच आहे, आवाज पुढे गेला —
नवी बायको पेन ठेवते. खिडकीपाशी जाते. त्याचे पाय धरते. ती हात