नावाजलेली सून

आणे,
१९ जानेवारी १९९८

चि. वृषालीस,
अ. उ. आ. वि. वि. डिंभ्याच्या शाळेत तुला चौथीचा वर्ग मिळाला हे वाचून बरं वाटलं. इकडं पठारावर वारा सुटलाय, कांद्याची खुरपणी चालू आहे. तुझी भाची समृद्धी मराठीत पहिली आली.

परवा आमच्याकडं हळदीकुंकू झालं. सासूबाईंनी तीसेक बायकांसमोर माझे इतके गोडवे गायले की मला कुठं बघावं कळेना. म्हणाल्या, बारा वर्सं झाली, या पोरीच्या तोंडून डोकं दुखतंय एवढंसुदिक ऐकलं न्हाई, अंगात ताप असताना हिनं चाळीस माणसांच्या भाकरी थापल्या. शेजारच्या कोंडाबाईनं तर स्वतःच्या सुनेला कोपरानं ढोसलं, ऐक म्हणाली. खोटं कशाला सांगू, मला आतून गुदगुल्या झाल्या.

एक सांगते, कुणाला बोलू नकोस. डाव्या छातीत सीताफळाच्या बीएवढी गाठ हाताला लागते. दुखत नाही. आईला कळवू नकोस, ती उगाच घोर लावून घेईल.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी ताई,
इंद्रायणी


डिंभे,
२८ जानेवारी १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. त्यानंतर वर्गात वाक्प्रचार घ्यायचे होते. गोडवे गाणे, उदोउदो करणे, डोक्यावर घेणे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. एका पोरीनं शेवटच्याचं वाक्य केलं, मामानं आत्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि सगळी भांडी घासून घेतली. वर्ग खो खो हसला. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि मला तूच दिसलीस.

मग तिनंच विचारलं, कौतुक आणि खुशामत यात फरक काय. मी सांगितलं, खुशामत करणाऱ्याला समोरच्याकडून काहीतरी हवं असतं. सासूबाई तुझी खुशामत करत नाहीत, त्यांची माया खरी आहे, हे मलाही कळतं. म्हणूनच जास्त भीती वाटते.

ताई, गाठ दाखव. आळेफाट्याला नको वाटलं तर जुन्नरला बाईडॉक्टर आहेत. दाजींना सांग, नाहीतर येत्या रविवारी मीच येते. इथली एसटी आली तर आली, नाहीतर घोडेगावापर्यंत चालत जाईन.

रागावलीस तरी चालेल, पण जपून राहा.
तुझीच,
वृषाली


आणे,
९ फेब्रुवारी १९९८

चि. वृषालीस,
अ. उ. आ. त्या रविवारी घोडेगावापर्यंत चालूनही तुला एसटी मिळाली नाही ते बरंच झालं. आता येऊही नकोस. कांदा काढायला आलाय, घरात रोज पंधरा माणसं जेवायला. मी हळदीचा लेप लावते.

तू शिकलीस. तुला अख्खं डिंभे बाई म्हणून ओळखतं. मला कोण ओळखतं गं? पण सून कशी असावी म्हटलं की चार गावांत माझं नाव निघतं. तेवढंच माझं स्वतःचं आहे. डॉक्टरकडं गेले की घरभर होणार, आणि मग सासूबाई चारचौघींत काय सांगतील?

कांदा निघाला की जाते. यांना किंवा आईला कळवलंस तर तुला माझी शपथ आहे.

तुझ्यावर विसंबून असलेली,
इंद्रायणी


आणे,
१४ नोव्हेंबर १९९८

चि. वृषाली हिला इंदूची सासू साळुबाई हिचा आशीर्वाद. मला लिहिता येत न्हाई, मी सांगते तसं समृद्धी लिहितीय.

इंदूच्या दहाव्याला भाषणं सुरू झाली आन् तू उठून एसटीला गेलीस. मला राग न्हाई. पुढं काय झालं ते तुला कळावं म्हणून लिहून घेतीय.

आमच्या भावकीतल्या गेणभाऊनं माईक घेतला. म्हणला, अशी सोशिक माउली पुन्हा होणं न्हाई, मरणाच्या दारात तिनं हूं की चूं केलं न्हाई. लोक माना डोलवत व्हते. बाईमाणसानं तिथं बोलायची रीत न्हाई, पण मी उठले. त्याला म्हणलं, माईक खाली ठेव. ती बोलली न्हाई, कारण न बोलण्यापायीच मी तिला नावाजत आले.

आषाढात ती कांद्याच्या चाळीत पडली. पुण्याला नेली, तवा डॉक्टरनं मला इचारलं, इतके महिने काय करत व्हता. मी त्याला काय सांगितलं ठाव हाय का? आमची सून लई सोशिक हाये. छाती फुगवून सांगितलं, पोरी.

शपथेचं तिनं मला दवाखान्यात सांगितलं. तू सवताला खाऊ नको. माझ्या सासूनं मला जन्मात कधी बरं म्हणलं न्हाई. तवाच मी ठरवलं व्हतं, आपल्या सुनेला तोंडभरून म्हणायचं. यात माझं कुठं चुकलं? तू मास्तरीण हायेस, तू सांग.

माझा अमृत, तुझा दाजी, जेवत न्हाई, बोलत न्हाई. तुझा राग सरला न्हाई तरी येत जा.
साळुबाई

ता. क. मावशी, हे माझं मी लिहितेय, आजीला वाचता येत नाही. सगळे म्हणतात, समृद्धी किती शहाणी, आई गेली तरी रडली नाही. कोंडाआजी आल्यागेल्याला सांगते. मग मला त्यांच्यासमोर रडता येत नाही. मी गोठ्यात जाते आणि फ्रॉक तोंडात धरते. तू लवकर ये. तुझ्यासमोर रडलं तर चालेल ना?