क्रेटांचं वजन

सर, गेल्या आठवड्यात वरूडच्या एका पॅकिंग शेडसाठी तुमच्या पद्धतीनं छतापासून पायापर्यंतचं वजन कागदावर उतरवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही असता तर आधी या बारा वर्षांबद्दलच झापलं असतं. तुम्ही गेल्यावर मी अमरावतीत स्वतःचं ऑफिस काढलं, दोन कॉम्प्युटर घेतले आणि तुम्ही दिलेलं चौकटीच्या कागदांचं पॅड कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकून दिलं. आता एका प्रोग्रॅममध्ये अख्ख्या इमारतीचं मॉडेल उभं करते. त्यातले भार आपोआप दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जातात आणि तो बीममध्ये किती सळया लागतील ते सांगतो. मधे फारसा हात लावावा लागत नाही, आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खातं.

शेड एका संत्रा बागायतदाराची आहे. खाली फळांची प्रतवारी आणि ट्रक भरणं, वरच्या मजल्यावर क्रेटांच्या थप्प्या. ट्रक आत वळावा म्हणून मधला कॉलम काढलेला, त्यामुळं मधला बीम चांगला नऊ मीटरचा. मी साइटवर गेले तेव्हा सळया बांधून झाल्या होत्या, दोन दिवसांनी स्लॅब टाकायचा होता. ठेकेदार तोच, तुमच्याकडे यायचा तो, आता केस पार पांढरे झालेला. हसत म्हणाला, "म्याडम, लोखंड लयच कमी लागलं हो! सर असते तं याच्या दीडपट टाकाले लावलं असतं." तो कौतुक करत होता; मला ते 'दीडपट' खटकलं. वाकून त्या लांब बीमच्या तळाच्या सळया मोजल्या. ड्रॉइंगप्रमाणे बरोबर होत्या. ड्रॉइंग माझंच होतं.

"स्लॅब थांबवा," मी म्हणाले.

"कावून? काई चुकलं काय?"

"माहीत नाही. पण शोधल्याशिवाय टाकू देणार नाही."

ऑफिसात येऊन आधी नेहमीच्या जागा तपासल्या. बीमचं टोक कॉलमला नीट जोडलंय का? जोडलंय. स्लॅबचा भार योग्य बाजूच्या बीमवर जातोय का? जातोय. टन आणि किलोन्यूटन या एककांचा घोळ? तोही नाही. स्क्रीनवर एकसुद्धा लाल रेघ नाही, सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं. मग मात्र मला राग आला, आणि रागारागातच स्टूलवर चढून तुमचं पॅड काढलं.

ते पॅड तुम्ही दिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. अकोल्याचं ऊन, तुमच्या घराची पुढची खोली, कूलरचा घरघराट. माझी पायापर्यंतची बेरीज कमी भरत होती आणि मी म्हणाले, कॅल्क्युलेटर बिघडलंय. तुम्ही पाण्याचा ग्लास खाली ठेवलात. "मशीनले कायले दोष देते वं? बोट कोनाचं होतं?" मी रडायच्या बेतात. तुम्ही नवं कोरं पॅड माझ्यापुढं सरकवलंत. "वर ठेवलं तितकं खाली सापडलं पाह्यजे. नाई सापडलं तं मधात कोनीतरी खाल्लं. चाल, पुन्हा उतरव." मला तुमचा फार राग यायचा, सर. तुमच्याइतकं माझ्याकडून कुणी काही करून घेतलं नाही, हे तेव्हा कळत नव्हतं.

तर त्या दिवशी ऑफिसात मी पुन्हा उतरवते आहे. छताचे पत्रे, भिंती, स्लॅब, माणसं, क्रेट. एकेक ओळ, वरून खाली. माझी बेरीज मॉडेलच्या पायाच्या बेरजेशी जुळते. म्हणजे मॉडेलमध्ये वजन आहे. आता बीमच्या प्रोग्रॅमला पोचलेलं वजन मोजते, तर ते कमी. फरकाला मजल्याच्या क्षेत्रफळानं भागते आणि खुर्चीतून उठून उभी राहते. तो आकडा मी क्रेटांसाठी धरलेला आकडा आहे.

झालं होतं असं. क्रेट येणार अंबिया आणि मृग बहाराला, संत्र्यांच्या या दोन हंगामांत; एरवी मजला रिकामा. म्हणून मी शहाणपणानं ते वजन नेहमीच्या वापराच्या वजनात धरलंच नाही. 'संत्रा' नावाचं वेगळं खातं केलं. बीमच्या प्रोग्रॅमला असलं खातं ठाऊक नाही. ते कशात धरायचं हे त्याला आपण सांगायचं असतं. त्यानं विचारलंही होतं. रकाना रिकामा ठेवून मी 'पुढे' दाबलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं रिकाम्या मजल्याचे बीम काढून दिले.

बीमची उंची पुरत होती, हे नशीब. सळया वाढवल्या, त्यांच्याभोवतीच्या रिंगा जवळ आणल्या, आणि प्रत्येक गाठ बांधून होईपर्यंत मी तिथून हलले नाही. मालकांना उशिराचं कारण सांगितलं, "सॉफ्टवेअरनं क्रेटांचं वजन घेतलंच नव्हतं. मी पकडलं." ते गहिवरले. "ताई, तुमी पाह्यलं म्हनून वाचलो. भर बहारात खाली पन्नास मानसं असतात." आणि नको नको म्हणताना मृगाच्या संत्र्यांचं एक क्रेट माझ्या गाडीत ठेवलं.

ते क्रेट आता टेबलाशेजारी आहे. ऑफिसभर वास सुटलाय आणि मी एकही फळ सोललेलं नाही. हे पत्र तुमच्या पॅडच्या शेवटच्या पानावर लिहिलंय; शेडच्या हिशोबामागं टाचून ठेवीन. उद्या स्लॅब आहे. मिक्सर सुरू व्हायच्या आधी मालकांना आणि ठेकेदाराला समोर बसवून सगळं सांगणार आहे. क्रेट सोबत नेते. ऐकून झाल्यावरही त्यांना द्यावंसं वाटलं तर परत आणीन.

बोट माझं होतं, सर.